इलेव्हन प्लस आणि इंग्रजी नामांचे समानार्थी शब्द: मुलांच्या डोक्यात कसे रुजवायचे?

मेघना_बक्स

नमस्कार मंडळी,

आम्ही बकिंगहॅमशायरमध्ये राहतो. लेक इयर फाइव्हमध्ये आहे, म्हणजे येत्या सप्टेंबरात इलेव्हन प्लस. भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये प्रवेश परीक्षा घेणाऱ्या, पण सरकारी आणि बिनफीच्या १६३ ग्रामर स्कूल आहेत. इलेव्हन प्लस ही त्यांचीच परीक्षा. १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर ती जवळजवळ सगळीकडे होती. १९६५ पासून बहुतेक भागांनी ती हळूहळू सोडली. बक्स (म्हणजे आमचं बकिंगहॅमशायर), केंट, लिंकनशायर अशा ठिकाणी मात्र टिकली. मुलं दहा-अकरा वर्षांची असतात तेव्हा ही परीक्षा होते. आमच्या बक्समध्ये १२१ गुण मिळाले की मूल पात्र ठरतं आणि त्यात निम्मा वाटा एकट्या व्हर्बलचा, म्हणजे शब्द-भाषेच्या प्रश्नांचा असतो.

गणित बरं आहे. आकृत्यांचे प्रश्न तर तिला आवडतात. घोडं अडतं ते शब्दांपाशी, त्यातही नामांपाशी. विशेषणं शाळेत 'वॉव वर्ड्स' म्हणून भिंतीवर लावलेली असतात, क्रियापदांचीही तयारी करून घेतात. नामांकडे मात्र कुणी बघत नाही. 'हाउस' येतं, 'अबोड' येत नाही. 'एनिमी' येतं, 'ॲडव्हर्सरी' आला की चेहरा कोरा. क्लासच्या बाई दर आठवड्याला यादी देतात. रविवारी धडाधड म्हणून दाखवते आणि बुधवारी निम्मे शब्द गायब.

शिवाय बाईंनी सुचवलंय की परीक्षेपर्यंत घरात फक्त इंग्रजी बोला. आमच्या घरात मराठीच चालते. मला हे पटत नाही, पण आपल्या हट्टापायी लेकीचं नुकसान तर होणार नाही ना, या विचाराने झोप लागत नाही. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सई७

छान धागा. आमचा नंबर पुढच्या वर्षी. वाचते आहे.

केंटचा_बाबा

मेघनाताई, दोन्ही मुलांच्या वेळी यातून गेलोय, म्हणून आधी परीक्षेच्या अंगाने लिहितो. घरातल्या भाषेबद्दल इतर जाणकार लिहितीलच.

बहुतेक ठिकाणी पेपर जीएल असेसमेंट या परीक्षा तयार करणाऱ्या कंपनीचा असतो. त्यात 'या शब्दाचा समानार्थी लिहा' असा सरळ प्रश्न क्वचितच दिसतो. नेहमीचा प्रकार म्हणजे दोन गट, प्रत्येकात तीन शब्द, आणि दोन्हींतून एकेक उचलून अर्थाने सर्वात जवळची जोडी लावायची. एका गटात मायझर, समिट, ऑनर. दुसऱ्यात जेनरस, पीक, व्हॅली. मायझर दिसला की मुलांना जेनरस खुणावतो, कारण दोन्ही पैशाबद्दलचे आहेत. समिटशेजारी व्हॅली ओढते, कारण दोन्ही डोंगराचे. जोडी अर्थातच समिट आणि पीक. म्हणजे परीक्षक चुकीचे शब्दही विचार करून पेरतो: एक उलट अर्थाचा, एक त्याच विषयातला पण वेगळा. यादी पाठ करणाऱ्या मुलाला 'समिट म्हणजे पीक' एवढंच येतं. गळ ओळखायची सवय त्याला नसते.

दुसरी गोष्ट शब्दाच्या जातीची. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दिलेला शब्द 'फ्युरी' असेल आणि पर्यायांत 'अँग्री' व 'रेज' दोन्ही असतील, तर मुलं डोळे झाकून अँग्री निवडतात, कारण तो ओळखीचा. पण फ्युरी नाम आहे, अँग्री विशेषण. जोडी रेजशीच लागते. आमच्याकडे यासाठी सोपी चाचणी होती. शब्दाच्या आधी 'माय' लावून बघायचं. माय फ्युरी चालतं, माय रेज चालतं, माय अँग्री म्हणताच मुलाच्या कानालाच खटकतं. व्याकरणाची व्याख्या घोकायची गरज उरत नाही.

तिसरी गोष्ट एका रूपातले दोन शब्द. 'रिफ्यूज' म्हणजे नकार देणे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेच स्पेलिंग नाम म्हणून 'रेफ्यूस' असं उच्चारलं की अर्थ होतो कचरा. 'क्वॉरी' म्हणजे दगडाची खाण, तशीच शिकाऱ्याची शिकारही. 'होस्ट' म्हणजे यजमान आणि मोठा समुदायही. 'प्लॉट' जमिनीचा, गोष्टीचा आणि कटाचाही. जीएलच्या व्हर्बल रीझनिंगमध्ये एक प्रकार असाच असतो: दोन कंस, प्रत्येकात दोन शब्द, आणि दोन्ही कंसांना लागू पडणारा एकच शब्द शोधायचा. तिथे दुसरा अर्थ माहीत नसला तर कितीही हुशार मूल अडकतं. म्हणून वहीत शब्द लिहिताना 'याला आणखी कुठला अर्थ आहे का' हा रकाना ठेवाच.

निवृत्त_इंग्रजी_शिक्षिका

मी पुण्यात अनेक वर्षं इंग्रजी शिकवलं, सध्या मुलीकडे इंग्लंडमधल्या रेडिंग गावी असते. वर केंटच्या बाबांनी लिहिलेलं अगदी बरोबर आहे. मी जरा मागे जाऊन लिहिते.

इंग्रजीत एकाच गोष्टीला इतकी नामं का, हे मुलांना एकदा सांगावं. गोष्टीसारखं सांगितलं तर फार रस घेतात. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. राजदरबारी, कायद्यात आणि उच्चभ्रूंच्या बोलण्यात फ्रेंच आली. शेतकऱ्याच्या घरात जुनी इंग्रजी राहिली. पुढे विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून शब्द आणले. त्यामुळे एकाच कल्पनेला तीन-तीन शब्द झाले: फायर, फ्लेम, कॉन्फ्लग्रेशन. फिअर, टेरर, ट्रेपिडेशन. टाइम, एज, एपॉक. पहिला घरगुती आणि आखूड, तिसरा बहुधा लांब आणि पुस्तकी. परीक्षेत येतात ते दुसऱ्या-तिसऱ्या थरातले, कारण पहिला थर सगळ्यांना येतो.

मराठी मुलांना हे समजायला अजिबात जड जात नाही, कारण आपलीही भाषा अशीच थरांची आहे. 'भय' संस्कृतातून आलं, 'दहशत' फारसीच्या वाटेने आली, आणि बोलताना आपण 'भीती वाटते' म्हणतो. तिन्ही एका जागी बसत नाहीत हे आठ वर्षांच्या मराठी मुलालाही कळतं. गुंडाची दहशत असते, पालीची भीती असते. इंग्रजीतही तसंच आहे असं म्हटलं की मुलाला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. आणि लक्षात ठेवा, तीन शब्दांचा अर्थ तंतोतंत एक नसतो. ट्रेपिडेशन ही पोटात गोळा येण्याची धाकधूक, टेरर म्हणजे थरकाप. कॉन्फ्लग्रेशन हा भडकलेला वणवा, मेणबत्तीच्या ज्योतीला तो शब्द शोभणार नाही.

आपल्याकडून तिकडे गेलेले शब्दही दाखवा. 'लूट' हा शब्द इंग्रजीने आपल्या भाषांतून उचलला. त्याचे सोबती प्लंडर, बूटी, स्पॉइल्स. 'ठग'चा 'थग' झाला आणि रफियन, हूलिगन यांच्या रांगेत जाऊन बसला. सुरतेच्या लुटीची गोष्ट ऐकलेल्या मुलाला प्लंडर विसरायचं कारणच नाही.

साताऱ्याहून

जरा वेगळ्या परीक्षेचा अनुभव, पण अडचण तीच. आमच्या मुलाने डेहराडूनच्या आरआयएमसीची, म्हणजे राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची परीक्षा दिली. तिथे आठवीला प्रवेश असतो. इंग्रजीचा पेपर १२५ गुणांचा, गणित २००, सामान्य ज्ञान ७५. महाराष्ट्रातून अर्ज पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेमार्फत जातात. मुलगा मराठी माध्यमाचा. त्याला पाठ केलेले शब्द वाक्यात वापरता येत नव्हते. 'ब्रेव्हरी'चे करेज, व्हॅलर, गॅलंट्री असे शब्द म्हणून दाखवायचा, पण कुठला कुठे, ते सांगता येईना. मग त्याच्या आजोबांनी, जे स्वतः फौजेत होते, २६ जानेवारीच्या गॅलंट्री पुरस्कारांच्या बातम्या मोठ्याने वाचायला लावल्या. रणांगणावरचं शौर्य म्हणजे व्हॅलर आणि गॅलंट्री. दुखणं सोसून शाळेत जाणाऱ्या मुलीजवळ असतं ते करेज. त्यानंतर त्याची गल्लत झाली नाही.

कट्ट्यावरची

सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिहिलंय, तरी मनातलं बोलते. दहा वर्षांच्या मुलांना ट्रेपिडेशन, कॉन्फ्लग्रेशन कशाला? आम्ही ग्रामर स्कूल नसलेल्या भागात राहतो. माझी दोन्ही मुलं कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये, म्हणजे प्रवेश परीक्षा नसलेल्या सरकारी शाळेत गेली आणि उत्तम शिकली. काही घरांत चौथीपासून प्रत्येक शनिवार-रविवार क्लासमध्ये जातो, पोहणं बंद, वाढदिवसाची बोलावणी बंद. मूल नापास झालं की 'मी हुशार नाही' असा शिक्का स्वतःच मारून घेतं. तो पुसायला वर्षं लागतात.

केंटचा_बाबा

कट्ट्यावरची, तुमची काळजी खरी आहे आणि ती प्रत्येक पालकाने ऐकावी. माझ्या ओळखीत असं मूल आहे. म्हणूनच मी यादी-पाठांतराच्या विरोधात आहे. शब्द गोष्टींतून आणि गप्पांतून आले तर परीक्षा असो-नसो, ते मुलाजवळ राहतात. पोहणं तर अजिबात बंद करू नये. निकालाआधीच घरात स्पष्ट बोलून ठेवावं की दुसरी शाळाही आपल्याला आवडलेली आहे, आणि ती खरंच जाऊन बघून यावी.

मराठी_शाळा_ताई

मेघना, तुझ्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहितेय. मी रविवारच्या मराठी शाळेत शिकवते आणि आठवडाभर इथल्या प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. दोन्ही बाजू रोज बघते. घरातली मराठी बंद करू नकोस. अगदी कळकळीने सांगतेय.

मुलाला समानार्थी शब्द अवघड जातात ते कल्पनाच ओळखीची नसते म्हणून. नुसता शब्द नवा असेल तर तो चिकटतो. कल्पना आणि शब्द दोन्ही नवे असले की चिकटत नाहीत. आणि कल्पना तुझ्या घरात मराठीत रोज वावरत असतात. 'प्रेडिकमेंट' म्हणजे काय हे इंग्रजी शब्दकोशातून समजावताना तीन वाक्यं लागतात. 'अगं, पंचाईत' म्हटलं की झालं. 'प्लाइट' म्हणजे दैना. 'कमोशन' म्हणजे गलका. 'ऑडॅसिटी'त तर धाडसही आहे आणि आगाऊपणाही, आणि दोन्ही छटा आपल्या मुलांनी आजीच्या तोंडून ऐकलेल्या असतात.

आमच्या वर्गात भांडणाची शिडी करतो, ती सांगते. फळ्यावर खालून वर मराठी शब्द लिहायचे: कुरबुर, भांडण, बाचाबाची, झटापट, हाणामारी, चकमक, लढाई. क्रम मुलांनी ठरवायचा. यावर जी चर्चा होते ती ऐकण्यासारखी असते. झटापटीत हात लागतात, बाचाबाचीत लागत नाहीत, चकमक सैनिकांची, असं मुलंच सांगतात. मग प्रत्येक पायरीवर इंग्रजी नाम ठेवायचं: टिफ, क्वारल, ऑल्टरकेशन, स्कफल, ब्रॉल, स्कर्मिश, बॅटल. शिडीच्या बाजूला 'फ्यूड' एकटा उभा, कारण ते एकदाचं भांडण नव्हे, पिढीजात हाडवैर. मागे एक मुलगा पटकन म्हणाला, "म्हणजे आमच्या गावच्या बांधावरून चाललंय ते!" त्याला फ्यूड पुन्हा शिकवावा लागला नाही.

दोन भाषा बोलणाऱ्या मुलाला एका गोष्टीला दोन नावं असतात हे रांगत्या वयापासून माहीत असतं. समानार्थी शब्दांचं मूळ तेच आहे. हे भांडवल परीक्षेच्या वर्षी मोडीत काढायचं नसतं. इंग्रजीचा जास्तीचा वेळ वाचनाला द्या. जेवणाच्या ताटावरची मराठी तशीच राहू दे.

सई७

मराठी_शाळा_ताई, शिडीची कल्पना फारच आवडली. आज घरी करून बघणार. अनुमोदन!

मेघना_बक्स

सगळ्यांचे मनापासून आभार. मराठीबद्दल वाचून खूप हलकं वाटलं. काल रात्री नवऱ्यालाही वाचून दाखवलं. घरात मराठीच राहणार, हे ठरलं.

आता दोन शंका. वही नेमकी कशी ठेवायची? आणि विसरण्यावर उपाय काय? काल तिला 'रिमॉर्स' अडला. सांगितलं 'रिग्रेट', तिने मान डोलावली, आज पुन्हा कोरी.

निवृत्त_इंग्रजी_शिक्षिका

रिमॉर्सचंच पान करून दाखवते.

पानाच्या मध्ये 'रिमॉर्स'. त्याखाली ज्या गोष्टीत तो भेटला तिथलं वाक्य जसंच्या तसं. हे सोडू नका. वाक्याशिवाय शब्द वहीत घ्यायचाच नाही. डावीकडे शेजारी: रिग्रेट, गिल्ट, पेनिटन्स. प्रत्येकापुढे फरक मुलीच्या भाषेत, मराठीत चालेल. पावसाने सहल रद्द झाली तर रिग्रेट, म्हणजे हळहळ. त्यात कुणाचा दोष नाही. मैत्रिणीचं गुपित फोडलं आणि आतून कुरतडतंय ते रिमॉर्स, म्हणजे पश्चात्ताप. दोष आपलाच आहे ही मनातली जाणीव, ते गिल्ट. देवासमोर किंवा माणसासमोर प्रायश्चित्ताची तयारी झाली की पेनिटन्स. उजवीकडे विरुद्ध काय असेल ते. खाली कुटुंब: रिमॉर्सफुल, रिमॉर्सलेस. शेवटी दुसरा अर्थ असल्यास तो; इथे नाही, म्हणून रेघ.

मेघना, तू 'रिग्रेट' सांगितलंस तेव्हा तिला एका अनोळखी शब्दाऐवजी दुसरा अर्धवट ओळखीचा शब्द मिळाला. गुपित फोडल्याचा प्रसंग सांगितला असतास तर राहिला असता. पर्यायांत दोन्ही शब्द आले तरी असा फरक जाणणारी मुलगी गोंधळत नाही.

एका दिवशी असं एकच पान. दहा शब्दांची दहा पानं केली की ती पुन्हा यादी होते.

केंटचा_बाबा

विसरण्यासाठी लाइटनरची पेटी वापरा. झेबास्टियान लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये मांडलेली पद्धत आहे. बुटाच्या खोक्यात पाच कप्पे करायचे. नवा शब्द पहिल्या कप्प्यात, तो रोज विचारायचा. आला की दुसऱ्यात, तो एक दिवसाआड. पुढचे कप्पे आणखी लांबच्या मुदतीचे. चुकला की परत पहिल्यात. जो येतो त्यावर वेळ जात नाही आणि जो सटकतो तो रोज समोर येतो. कार्डाच्या मागे अर्थ लिहू नका, मोकळी जागा सोडलेलं वाक्य लिहा. आणि कार्ड मुलानेच लिहायचं, आईबाबांनी सुवाच्य अक्षरात छापून द्यायचं नाही.

टेम्सकाठी

वाचनाबद्दल थोडं. हल्लीच्या मुलांच्या मजेशीर चित्रमय पुस्तकांत ही नामं फारशी भेटत नाहीत. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी बालकथांत पानोपानी भेटतात: लॉजिंग, मॅलडी, थ्रॉंग, डर्थ, बँक्वेट. उताऱ्याच्या प्रश्नांतही जुनं साहित्य येतं. मुलं सुरुवातीला कंटाळतात, म्हणून पहिली दोन प्रकरणं आपण वाचून दाखवायची, हवं तर ऑडिओ लावून पुस्तक समोर धरायचं. लायब्ररीत उन्हाळ्यात समर रीडिंग चॅलेंज असतो, त्यात नाव घाला, फुकट आहे. वाचताना प्रत्येक अवघड शब्दाला थांबवू नका, गोष्टीचा जीव जातो. पानावर पेन्सिलचा ठिपका द्यायचा आणि प्रकरण संपल्यावर ठिपक्यांतला एकच शब्द वहीत घ्यायचा.

नामांच्या शेपट्याही ओळखायला शिकवा. नेस, इटी, मेंट, अन्स, हूड यांनी संपणारा शब्द बहुधा नाम. 'अबंडन्स' कधी न पाहिलेल्या मुलाला 'अबंडंट' (भरपूर) माहीत असेल तर अर्थ लागतो, आणि मग 'स्केअर्सिटी' (टंचाई) उलट बाजूला टाकता येतो.

कट्ट्यावरची

वही आणि शिडीचं वाचून माझंही मत थोडं सैल झालं. असं शिकणं असेल तर परीक्षा नसली तरी करावं. शिडी मीही करणार, आमच्याकडे धाकट्याला गोष्टी लिहायला आवडतात.

मेघना_बक्स

शेवटची शंका. मुलगी ऑगस्टअखेरची, वर्गात जवळजवळ सगळ्यात लहान. तिच्या शब्दसंग्रहाची तुलना सप्टेंबरात जन्मलेल्या मुलांशी होणार का?

केंटचा_बाबा

गुण वयानुसार प्रमाणित करतात, त्यामुळे लहान असण्याचा तोटा बऱ्यापैकी भरून निघतो. त्याची चिंता सोडा. बक्सच्या सरकारी प्राथमिक शाळेत असाल तर नोंदणी आपोआप होते आणि परीक्षाही तिच्याच शाळेत. आधी सरावाची छोटी परीक्षा घेतात, ती चुकवू नका. उत्तरपत्रिका यंत्र तपासतं, चौकटीत पेन्सिलने आडवी रेघ मारायची असते. एक प्रश्न सोडून पुढे गेलं आणि रेघ मात्र वरच्या चौकटीत पडली की पुढचं सगळं एक घर सरकतं. याचा सराव जीएलच्या संकेतस्थळावरच्या मोफत नमुन्यांवर उन्हाळ्यात करून घ्या.

निकाल ऑक्टोबरमध्ये येतो आणि शाळांचे पसंतीक्रम ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचे असतात. शाळा बघायचे दिवस बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच असतात, ते आत्ताच कॅलेंडरवर टाकून ठेवा.

मराठी_शाळा_ताई

मेघना, लेकीला रविवारी आमच्या वर्गात घेऊन ये. पुढची शिडी घरांची आहे: खोपटं, झोपडी, घर, वाडा, राजवाडा. इंग्रजी पायऱ्या तिलाच लावायला सांगू. 'हॉवेल' कुठे ठेवते ते बघायचंय.